संघासोबत मी गेलेच नव्हते

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे आधारस्तंभ माननीय पन्नालालजी लुंकड, पंचायत समितीच्या माजी सभापती आदरणीय पुष्पाबाई तांगडे, आपले प्राचार्य डॉ. गाढे साहेब, यंदाच ‘आदर्श क्रीडा मार्गदर्शक’ हा सन्मान मिळवलेले आपले क्रीडा संचालक प्रा. राजानंद उगले सर, सर्व प्राध्यापक मंडळी, ऑफिसातले माझे सोबती, माझ्यासाठी धावड्याहून पहाटेच निघून आलेली माहेरची माणसं, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून खिडक्यांना लटकलेल्या माझ्या पोरा-पोरींनो, तुम्हा सगळ्यांना गिरिजा लहानेचा मनापासून नमस्कार.

मी काही वक्ता नाही. एकतीस वर्षं या महाविद्यालयात लिपिक म्हणून काढली. त्यामुळं बोलताना थोडी ऑफिसची भाषा येईल, थोडी आमच्या धावड्याची येईल. दोन्ही चालवून घ्या.

माझ्याआधी पाच जण बोलले. काय गोड बोलले हो! मला तर शंका यायला लागली की मी निवृत्त होऊन राह्यले का वारले. हसा, हसा. पुढं हसायला मिळंल असं वाटत नाही. उगले सर म्हणाले, “गिरिजाताईंनी कधी कुणाचा कागद अडवला नाही.” त्यावर टाळ्याही पडल्या. सर, बिलकुल खरं बोललात. नाही अडवला. अडवायला पाहिजे होता, आणि तेच सांगायला मी आज उभी आहे.

हे दुसऱ्या रांगेत बसलेत ते आमचे घरचे साहेब. सकाळी निघताना म्हणाले, “चार गोड शब्द बोल, शाल घे आणि सरळ घरी चल.” आता बघा, ते मान खाली घालून बसलेत. माणूस चांगला आहे. पण गोड शब्द आज माझ्या तोंडात येईनात.

मुलींचा संघ बाहेरगावी स्पर्धेला न्यायचा असेल तर सोबत एक बाई पाहिजे, असा नियम आहे. फॉर्मवर तसा रकानाच असतो, ‘महिला व्यवस्थापक’. ज्यानं कुणी हा नियम केला त्याला घरी लेक असणार. पण आपल्याकडं पद्धत काय? उगले सर फॉर्म घेऊन माझ्या टेबलापाशी यायचे. “ताई, एक सही द्या. बाईचं नाव नसलं तर पोरींना खेळूच देत नाहीत.” मी विचारायची, “आणि जायचं?” सर म्हणायचे, “तुम्ही कशाला त्रास घेता? मी आहे ना. पोरी मला लेकीसारख्या.” मी सही करायची. अशी सहा वर्षं केली.

का केली? मला वाटायचं, आपल्या एका सहीनं बारा पोरी खेळायला जातात. या पोरी कुठून कुठून येतात! कुणी वडीगोद्रीहून, कुणी त्याच्याही पलीकडून. बापाला शंभर वेळा विनवून, मैदानातले दगड स्वतःच्या हातानं वेचून खेळणाऱ्या पोरी. त्यांचं माझ्यापायी अडू नये एवढंच मनात होतं. चांगल्या मनानं केलं. पण खोटी सही चांगल्या मनानं केली म्हणून खरी होते का? न्हाई होत.

डिसेंबरात स्पर्धा झाल्या. मुलांची कबड्डी आणि मुलींचा खो-खो, दोन्ही एकाच गावात. दोन्ही संघांचे मार्गदर्शक एकच, उगले सर. महिला व्यवस्थापक कोण, तर गिरिजा लहाने. आणि गिरिजा लहाने त्या दिवशी कुठं होती? इथं होती. याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, परीक्षेचे फॉर्म तपासत.

तिकडं मुलींना उतरायला एक वर्गखोली दिली होती. दाराला आतून कडी नव्हती. दुपारी सामन्याआधी मुली कपडे बदलत होत्या, तर आपल्याच कबड्डी संघातली तीन पोरं दार ढकलून उभी राहिली. हातात मोबाईल. चित्रण केलं, आणि संघाच्या ग्रुपवर टाकलं. आपल्या कॉलेजच्या तक्रार समितीचे लोक म्हणतील, ताई, ‘आरोप’ म्हणा. म्हणते. असा आरोप आहे. मी काही न्यायाधीश नाही. पण आरोप तपासायचा असतो हो, दाबायचा नसतो. एवढं तर लिपिकालाही कळतं.

त्यातल्या एका मुलीनं हिंमत केली. तिचं नाव मी घेणार नाही. कायदा तेच सांगतो आणि माझं मनही तेच सांगतं. तिच्यासोबत खो-खोची कर्णधार मदीहा गेली. मदीहाचं नाव मी तिला विचारून घेतेय. दोघी सरांकडं गेल्या. सर म्हणाले, “उद्या फायनल आहे. पोरांचा मूड घालवू नका. परत गेल्यावर बघू.”

फायनल झाली. आपण जिंकलो. आणि परत आल्यावर काय बघितलं? गुलाल बघितला! चौकात बॅनर लागलं. पोरांचे फोटो पासपोर्टएवढे, सरांचा फोटो पुरुषभर उंच. खाली मोठ्या अक्षरांत, ‘यांच्या अचूक मार्गदर्शनाखाली’. त्या बॅनरवर ती तिन्ही पोरं होती. ती मुलगी एसटीतून उतरायची आणि रोज त्या बॅनरखालून चालत कॉलेजला यायची. दोन आठवडे आली. मग यायची बंद झाली. आज जवळजवळ दोन महिने झाले, तिची हजेरी नाही.

सर, उठू नका. बसा. चहा यायचाय अजून. मागून बोलले असते तर ती चुगली झाली असती. म्हणून तुमच्या तोंडावर बोलून राह्यले.

शेवटी त्या दोघींनी समितीकडं लेखी तक्रार दिली. त्यावर समितीपुढं सरांनी लेखी काय दिलं, माहिती आहे? “मैदानाबाहेर खेळाडू काय करतात याला मार्गदर्शक जबाबदार नाही. मुलींची जबाबदारी महिला व्यवस्थापकाची होती.” वा रे वा! कोणत्या पोराचं वजन किती वाढलं, सरांना पाठ. कुणी अंडी खाल्ली नाहीत, कुणी गुपचूप वडापाव खाल्ला, पाठ. कुणाचा मोबाईल रात्री किती वाजेपर्यंत चालू होता, तेही पाठ. सरावाला पाच मिनिटं उशीर झाला की मैदानाला दहा चकरा. एवढं सगळं बराबर दिसतं, आणि ज्या ग्रुपचे प्रमुख सर स्वतः आहेत त्या ग्रुपवर पडलेलं ते चित्रण तेवढं दिसलं नाही? पदक आलं की पोरं सरांची, आणि तक्रार आली की पोरं आई-बापाची? हा कुठला न्याय झाला? मार्गदर्शक म्हणवून घ्यायचं असेल तर दोन्हीकडून घ्या ना. नुसता हार गळ्यात घालून कसं चालंल?

परवा त्या तिघांतला एक पोरगा बोनाफाईड न्यायला माझ्याकडं आल्ता. मी त्याला म्हणलं, “बाबा, तुला काही वाटतं का रे?” तो म्हणला, “सर म्हणले मामला मिटलाय. मंग मी काहून टेन्शन घेऊ मॅडम?” अठरा-एकोणीस वर्षांचं पोरगं. मला त्याचा राग आला. अंगाची आग झाली. आणि खोटं कशाला सांगू, कीवही आली. कारण आपण काय केलं हे त्याला कुणी समजावून सांगितलंच नाही. ज्यानं सांगायचं त्यानं खांद्यावर हात टाकून सांगितलं, काही होत न्हाई. उद्या हा पोरगा नोकरीला लागंल, कुणाच्या घरचा जावई होईल, आणि तिथंही हेच म्हणंल. त्या पोराचंसुद्धा वाटोळं केलं सर तुम्ही.

लुंकड शेठजी, घड्याळाकडं बघू नका. एकतीस वर्षांत पहिल्यांदा तुमची पाच मिनिटं जास्त घेतेय.

मागच्या आठवड्यात मला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. पुढं टाइप केलेला कागद. “मी महिला व्यवस्थापक म्हणून संघासोबत पूर्णवेळ उपस्थित होते. असा कोणताही प्रकार माझ्या निदर्शनास आलेला नाही.” खाली माझं नाव आणि सहीला जागा. तुमच्या ध्यानात आलं का? माझी सही झाली की ती मुलगी खोटी ठरली. फाइल बंद. उगले सर म्हणाले, “ताई, जाता जाता वाईटपणा कशाला घेता?” आणि प्राचार्य साहेब, तुम्ही म्हणालात, “संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.” साहेब, तुमचा पूर्ण मान ठेवून सांगते, त्या मुठीत एक पोरगी आहे. ती तिथं गुदमरून राह्यली. तुम्हाला तिचं काही वाटलं नाही, संस्थेच्या नावाचं वाटलं, याचा मला फार संताप आला.

पण मी तरी काय मोठी शहाणी? मी पेन उघडलं होतं. सवयच हो. कागद पुढं आला की हात चालतो. नशीब, बाहेर कुणीतरी हाक मारली, आणि मी “उद्या करते” म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी मदीहा माझ्या टेबलापाशी आली. समितीनं दाखवलेल्या सरांच्या लेखी उत्तरात तिनं माझं नाव वाचलं होतं. ती म्हणाली, “मॅडम, आप तो आएच नईं थे. फिर कागज पे आप किधर से आ गए?” आवाजात राग नव्हता. पोरगी खरंच विचारून राह्यली होती. मग जाता जाता ती म्हणाली, “आप रहते ना मॅडम, तो हम आप कू बोलते.”

एवढंच. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आपल्यापाशी एक पोरगी आपलं दुःख घेऊन येणार होती, आणि आपण त्या जागेवर नुसतं नाव पाठवलं. आज तुम्ही माझ्या एवढ्या गुणांचं कौतुक केलंत, पण त्या दुपारी त्या दारापाशी माझा एकही गुण उपयोगाला आला नाही.

तर आता ऐका. हे माझ्या हातात आहे ते डिसेंबरच्या कर्मचारी हजेरीपत्रकाची प्रत. सतरा आणि अठरा तारीख, दोन्ही दिवस सकाळी दहा वाजता माझी सही. आणि ही स्पर्धेच्या फॉर्मची प्रत. त्याच तारखा, तिथंही माझीच सही. एक बाई एकाच दिवशी दोन गावांत! असली करामत जत्रेतल्या जादूगारालाही जमत नाही. हे दोन कागद जोडून मी माझं निवेदन तयार केलंय. त्यात सरळ लिहिलंय की मी संघासोबत गेलेच नव्हते. सहा वर्षांत एकदाही गेले नाही. उगले सरांना हे माहीत होतं, ऑफिसला माहीत होतं. खोटी सही हा माझा दोष आहे आणि तो मला मान्य आहे. माझ्यावर कारवाई करा. निवृत्तीची कागदं थांबवायची असतील, थांबवा. माझा हात दगडाखाली आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी बोलून राह्यले. फक्त माझ्या सहीनं त्या पोरीला खोटं पाडू नका. आणि मार्गदर्शक म्हणून उगले सरांना समितीनं पुन्हा बोलवावं, तक्रार कानावर आल्यावर काय केलं ते विचारावं, आणि ते उत्तर लिहून घ्यावं. माझा दोष लिहून घेताना त्यांचा मोकळा सोडू नका.

आता आभार. शेठजी, तुम्ही एका बाईला या गावात मानानं काम करायची संधी दिली, ते मी विसरणार नाही. पुष्पाबाई, तुम्ही एवढ्या लांबून आलात. माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं. आमच्या नंदाबाईंनी मला कधी थंड चहा दिला नाही, बाकी सगळ्यांना दिला. आणि दुसऱ्या रांगेतल्या त्या माणसानं आत्ता मान वर केलीय, त्याचेही आभार.

बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, मान-पानात चूक राहिली असेल, मोठ्यांसमोर आवाज चढला असेल, तर धाकटी समजून पोटात घाला. भाषणातल्या चुकांची माफी मी तुमच्याकडं मागते. सहीच्या चुकीची मात्र तुमच्याकडं मागत नाही. माफ करायचं की नाही हे त्या पोरीनं ठरवायचंय, आणि न्हाई केलं तरी तिचं बराबर आहे.

प्राचार्य साहेब, या निवेदनाच्या दोन प्रती. एक तुमची, एक माझी. माझ्या प्रतीवर सही करून पोच द्या. सगळ्यांसमोर द्या. शाल नंतर घेते. पोच मिळेपर्यंत मी इथंच उभी आहे.