मोठ्या गणिताचा वर्ग

आमी मूळचे मूर्तिजापुराकडचे, कास्तकार मानसं, काळी जमीन, घरचे बैल, आन् आमच्या घरान्यात माह्याआधी कोनी पाटीले हात लावला नोता. मले शाळेत काहून घातलं ते सांगतो. गावच्या पटवाऱ्याचा पोरगा अमरावतीले शिकायले गेला, म्हनून आमच्या बुढ्याले, म्हनजे बापाले, वाटलं का आपला नथ्थू काय लंगडा हाये का, जाऊ द्या त्याले बी. इतकंच कारन. शिक्षनाची आवड-बिवड काई नाई, ईर्षा होती. पन काय सांगू तुमाले, ईर्षेनं लावलेलं झाड बी वाढतेच ना.

अमरावतीले मी एका नातलगाच्या घरी राहो आन् सरकारी शाळेत जाओ. ते दिवस कापसाचे होते. सात समुद्रापलीकडे अमेरिकेत कुठीतरी लढाई लागली म्हने आन् साहेबाले कापूस मिळेना, म्हनून त्याची नजर आमच्या वऱ्हाडावर. बजारात कापसाच्या बैलबंड्यांची अशी रीघ लागे का रस्ता ओलांडाले मानूस उभाच राहे. ज्याच्या घरी कुडाच्या भिंती होत्या त्यानं माडी बांधली, आमच्याच गावात एकानं बैलाच्या शिंगाले चांदी चढवली, आन् मंग बैल चोरीले जाईन म्हनून त्याच्यापाशीच निजे. हासू नका, खरी गोष्ट हाये.

तं अशा वेळी शाळेत कोन बसन? ज्याले दोन अक्षरं इंग्रजी वाचता येत होते त्याले व्यापारी दारातूनच उचलून नेत. आमच्या वर्गातले पोरं असे गळाले लागले जसे शिमग्यात पळसाचे पानं. वरच्या दोन वर्गाची येळ आली तवा मास्तर समोर उभे राहिले. मास्तर पुन्याकडचे, तरने होते, बोलनं एकदम शुद्ध, आमच्या बोलीले पयले पयले कपाळाले आठ्या घालत, पन मानूस दिलाचा. ते म्हनाले, जे राहतील त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत, एक सोपी, तिच्यात साधा हिशेब, कचेरीत लागेल तेवढा, आणि दुसरी मोठ्या गणिताची, बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती. दुसरी अवघड आहे आणि तिचा इथे कोणाला उपयोग सांगता येणार नाही. घरून विचारून या.

मी तं मनात ठरवूनच बसलो होतो. काहून, ते आयका. आमच्या गावात खरं म्हनजे काय, तं पाटील म्हनन ते खरं, भट म्हनन ते खरं, घरात बुढा म्हनन ते खरं. आन् मास्तरांनी एक दिवस फळ्यावर तिकोन काढला आन् त्याच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी भरते हे सिद्ध करून दाखवलं, एका पायरीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, आन् शेवटी हात झटकून म्हनाले, आता हे मी म्हणतो म्हणून खरं नाही, मी खोटं म्हणालो तरी हे खरंच राहील. मी म्हटलं, अरे बाप्पा, असं बी काई असते दुनियेत! इथी पाटलाचं आन् माहं वजन सारखं. मले ते पायजेच होतं.

घरी गेलो तं बुढ्यानं आधीच एका व्यापाऱ्यापाशी शब्द टाकलेला. मी सांगितलं का मी मोठं गनित घेतो, अजून दोन सालं शिकतो. बुढा म्हने, सारं वऱ्हाड कापूस इकून राहिलं आन् तू तिकोन काढून राहिला? मी म्हटलं हो बाबा. तो म्हने, तुह्या तिकोनाले सरकी निंगते का? माय चुलीपासून म्हने, जेवू तं द्या त्याले, मंग भांडा. पन बुढा पेटला होता. म्हने, मी काई बोलत नाई, तुह्या सासऱ्याले इचार. त्याची पोरगी नांदायची हाये. तो म्हनन हो तं जाय.

सासरा वरूडकडचा, मोठा कास्तकार, जिभेचा तिखट. लगन लहानपनीच झालं होतं, माही बायको गोदी तवा माहेरीच होती, मी तिचं तोंड बी धड पाह्यलं नोतं. गेलो. ओसरीवर बसलो. सासऱ्याले सारं समजलेलं होतं, तो सरळच म्हने, जवाईबुवा, मिशा फुटल्या आन् अजून शाळेत बसता, लोकं मले हासून राहिले. कामाले लागा, नाई तं पोरगी धाडत नाई. पन मी बी वऱ्हाडीच. म्हटलं, मामाजी, एक डाव पाहा तं खरं मी काय शिकून राहिलो. दारासमोर चिंचेचं झाड होतं. काठी रोवली, काठीची सावली मोजली, चिंचेची मोजली, आन् वर न चढता झाडाची उंची सांगितली. मले वाटलं आता सासरा शाबासकी देईन. तो म्हने, झाड मोजून काय करता, जवाईबुवा? चिंचा तं त्याले जितक्या लागायच्या तितक्याच लागतीन.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला, गोदीचा, आईले म्हनते पन आयकू सगळ्याइले जावं असं. मायं, त्याइले इचार, आभाळ आलं आन् सावलीच नाई पडली तं?

सासू लाजली, सासऱ्यानं डोये वटारले. आन् मले, काय सांगू, मले आनंद झाला, कारन असा सवाल वर्गात बी कोनी केला नोता. मी म्हटलं, मामीजी, त्याचं उत्तर हाये, पन ते वरच्या वर्गात हाये, मले अजून येत नाई. सासरा म्हने, म्हनजे उत्तर आनाले दोन सालं? आतून आवाज, मंग शिकून आना म्हना, मी कुठी पयून चालली.

सासरा आधी चिडला आन् मंग असा हासला का खोकलाच लागला. म्हने, जा बापा, घरातलंच मानूस फितूर हाये तं मी काय करू.

शिकलो. सोपं नोतं बरं. पयल्या परीक्षेत मास्तरांनी माह्या कागदावर फक्त लांब रेघ ओढली, म्हनजे सारंच चूक. वर्गात आमी मोजके, बाहेर बंड्यांचा गलका, आन् बुढा एक हंगामभर माह्याशी बोलला नाई, मायच लपून भाकरी धाडे. पन मागं फिरलो नाई. त्रिकोणमिती आली तवा मी कोन मोजाले लाकडाचं अर्धगोल बनवलं, दोरीले गोटा बांधला, आन् ऐन पावसाळ्यात भरल्या आभाळात वरूडले जाऊन त्याच चिंचेपाशी उभा राहिलो. गोदीले शेंड्यावर नेम धरून पाहाले लावलं, आन् त्या कोनावरून सावलीबिगर उंची काढून दाखवली. तिनं पाह्यलं, इचारलं, पुन्हा पाह्यलं, आन् म्हनली, हो, जमलं. त्याच साली ती नांदाले आली.

मंग तिकडची लढाई सरली आन् कापसाचा भाव असा पडला का माड्या अर्ध्याच राहिल्या. पन मी शहाना आन् ते येडे, असं मी नाई म्हननार. माह्या वर्गातला एक जन त्याच धंद्यात तगला, आज माह्यापेक्षा सुखी हाये. ज्याची वाट त्याले. मले अकोल्याच्या शाळेत गनित शिकवाचं काम भेटलं. एक डाव बुढा आला आन् खिडकीखाली तासभर उभा राहून आयकत होता. बाहेर आलो तं म्हने, मले काई समजलं नाई, पन तू बोलत होता तवा कोनी चूं करत नोतं. बस. त्याच्या तोंडून इतकंच.

आता डोयाले कमी दिसते, गोदीचे गुडघे दुखते, दोघं ओसरीवर बसतो आन् जाईन त्याले हाका मारतो. माह्याजवळ शिकलेले पोरं कोनी सरकारी जमीन-मोजनीत हाये, कोनी रेल्वेत, कोनी परत वावरात. परवा बजारात एकानं पाय धरले, डोक्यावरचे केस पिकलेले. म्हने, गुरुजी, लाज वाटते, तुमचं एक बी सूत्र आठवत नाई. मी म्हटलं, मले बी तुहं नाव आठवत नाई, फिटंफाट झाली, जाय, सुखात राय.