कुलपाच्या कपाटातली नळी

नाही, पाणी नको, बसाही म्हणू नका, मी उभ्यानेच सांगते. तीन महिने! मोबाईलच्या लहरींनी माणसाच्या रक्तपेशी बिघडतात का, हे तीन महिने मी तपासतेय, आणि रक्त कुणाचं? माझं!

का माझं? तर सर म्हणाले, "अगं, दर वेळी एकाच माणसाचं हवं." आणि म्हणताना स्वतःच्या बाह्या खाली ओढून बटणं लावत होते. झालं, एक माणूस कोण ते ठरलं.

काम तसं साधं हो. रक्ताच्या दोन नळ्या. एक तासभर चालू मोबाईलला खेटून, दुसरी लांब, व्हरांड्यातल्या कुलपाच्या कपाटात. मग दोन्हींतल्या बिघडलेल्या पेशी मोजत बसायचं. प्रयोगात दुसरा मोबाईल नको म्हणून मी शिपाईमामांना बजावलं, "खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल काढून घ्या. सरांचासुद्धा, माझासुद्धा." सर कुरकुरले. मी कशाला ऐकतेय? रक्त कुणाचं? माझं!

आणि निकाल काय, तर लांबच्या नळीतल्याच पेशी जास्त बिघडलेल्या! दर वेळी! सर हुरळले, "अगं, मोबाईल रक्ताला मानवतोय! तुझ्या प्रबंधाचं सोनं झालं!" सोमवारी प्रबंध द्यायचा. घरी आईचं वेगळंच, "चेहरा पांढराफटक पडलाय, जळो ती पदवी..."

आज शेवटची फेरी. नळी घ्यायला व्हरांड्यात गेले, तर कपाट वाजतंय. कपाट! मामांनी शांतपणे कुलूप काढलं. वरच्या कप्प्यात सात मोबाईल, ओळीने. खाली माझी नळी.

"मामा, हे काय?"

"तुम्हीच म्हणालात ना ताई, काढून घ्या. मग उघड्यावर ठेवू होय? कुलपाचं कपाट एकच. पण नळीला कधी धक्का लागू दिला नाही हं."

तीन महिने नळी त्यांच्याच हातात देत होते, एकदा आत डोकावले असते तर... आणि वाजत कुणाचा होता? तोही माझाच. आई. "खाल्लंस का काही?"

सरांना सांगितलं. म्हटलं आता आरडाओरडा करतील, मलाही करता येईल, जरा बरं वाटेल. कसलं काय. "हरकत नाही," म्हणाले, "प्रबंध पुढच्या वर्षी देऊ. पहिल्यापासून करू." आणि सुई शोधायला लागले.

रक्त कुणाचं, हे या वेळी कुणी विचारलंसुद्धा नाही. मी उजवी बाही वर केली. डाव्या हातात आता शीर सापडत नाही.