कुसुमकाकूंच्या गाण्यातला ळ

मंडळी, काकूंच्या शोकसभेला धारहून, पार सतवासहून माणसं आलीत. स्टेजवर माझी जीभ कधी अडत नाही, आज अडतेय. वर तोंड करून बोलावं असं मी काही केलेलं नाही. तरी ऐकून घ्या.

मी दिनेश. इथे देवासला ऑर्केस्ट्रा चालवतो. 'अजून माझं मूल आलं नाही' हे गाणं तुम्ही माझ्याच आवाजात ऐकलंय. वरातीत त्यावर नाचलाही असाल. कॅसेटवर खाली छापलंय, 'पारंपरिक'. भिया, ते पारंपरिक-बिरंपरिक काही नाही. ते आपल्या कुसुमकाकूंचं आहे.

लग्न होऊन काकू धारहून इथे आल्या. पहिल्या दिवाळीला माहेरी न्यायला कुणी आलंच नाही. न्यायला येणाऱ्या माणसाला आपल्या जुन्या घरांत 'मूळ' म्हणतात. काकूंनी स्वयंपाक करता करता ओळ जुळवली, 'अजून माझं मूळ आलं नाही.' मूळ. ळ.

मी हिंदी शाळेतला, ळ शिकलोच नव्हतो. गणपतीच्या कार्यक्रमासाठी काकूंची वही मागून नेली आणि वाचलं, मूल. संथ गाणं होतं. मी ढोलक आणि कीबोर्ड लावून पळवलं. कॅसेट निघाली आणि खूप वाजली.

आणि काकूंना मूल नव्हतं, हे इथे कुणाला माहीत नाही?

हळदीकुंकवाला बायकांनी विचारलं, "काकू, हे तुमच्यावरच केलंय का हो?" काकू तशाच माझ्याकडे आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "दिन्या, माझा ळ कुठे सांडलास रे?"

मी म्हटलं, "काकू, गलती हो गई. पुढच्या वेळी नीट करतो. नावही घालतो तुमचं."

"नाव राहू दे. ळ तेवढा घाल."

इथवर ती चूक होती. पुढचं सांगायची लाज वाटते. काही वर्षांनी त्याच गाण्याचं रिमिक्स करायचं ठरलं, सीडीसाठी. स्टुडिओवाला म्हणाला, "भिया, पब्लिक को मूल ही याद है, छेड़ो मत." मी नाही छेडलं. मला तोवर ळ म्हणता येत होता, मंडळी. येत होता! तरी मी मूलच गायलो. मग दुसऱ्या ऑर्केस्ट्रा पार्ट्यांनी माझं ऐकून गायलं. त्यांना तरी काय माहीत? आता सगळेच मूल म्हणतात.

काकू पुन्हा कुणाच्या हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. मी घरी गेलो की चहा मात्र करायच्या, आलं घालून. मी प्यायचो आणि निघायचो. त्या रिमिक्सची एकदाही माफी मागितली नाही.

काकू, आज सगळ्यांसमोर म्हणतो. अजून माझं मूळ आलं नाही. मूळ. आता म्हणून काय उपयोग? पण म्हणतो.

चला, दोन मिनिटं उभे राहू या. आणि मोबाईल तेवढे बंद करा. बऱ्याच जणांनी रिंगटोन त्याच गाण्याची लावलीय, काकूंच्या फोटोसमोर ती वाजायला नको.

थांबा. माझीही तीच आहे. आधी मी बंद करतो.