गोधडीतला लॅपटॉप

विट्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी लेकीला मांडीवर घेऊन बसले होते. मागच्या घरात कुकरची शिट्टी झाली. शेजारी बसलेल्या मावशी लॅपटॉप पुढे करून दुकानदाराशी बोलू लागल्या.

“पोरगं फौजेत हाय. ह्या लॅपटॉपातच दिसतंय मला. आता आतला पंखा वाजतोय, पण पडदा काळाच.”

“वापरून झाल्यावर बंद करता का?”

“न्हाई. त्योच म्हनला, बंद करू नगं, नुसतं झाक, झोपतंय त्ये. म्हनून गोधडीत गुंडाळती.”

“गोधडीत?”

“थंडी लय हाय.”

“आवं मावशी, आत तापतंय त्ये, म्हनून उठंना झालंय. हे बटण दाबून धरा. सोडा. आता परत दाबा.”

“आलं की रं माझं पोरगं.”

पडद्यावर बर्फात उभ्या असलेल्या जवानाचा फोटो होता. मांडीवरच्या लेकीनं माझी हनुवटी वळवली.

“आई, त्या दादाच्या अंगावर गोधडी कोण घालतं?”