हिरव्या पावडरीचा डबा

भाऊ : सोड, कप मी डाव्या हाताने धरतो. बेकरीत रोज तीस किलो पीठ मळलंय मी, कप काय जड होणार?

बहीण : डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायूचा झटका आहे, सहा महिन्यांत उजव्या हातात थोडी ताकद येईल.

भाऊ : थोड्या ताकदीने पाव होत नाही गं.

बहीण : दादा, रक्तदाबाच्या गोळ्या कधी बंद केल्यास? खरं सांग.

भाऊ : आईच्या वाढदिवसाला तू ते शेवाळाचं सांगितलंस ना, त्याच आठवड्यात.

बहीण : देवा!

भाऊ : तेलकट-तुपकट खाऊन रक्तातल्या पेशी फुटतात, शेवाळाचा अर्क दिला की वाचतात. हात ताटात सुकेपर्यंत सांगत होतीस. म्हटलं, घरात शास्त्रज्ञ असताना दवाखान्याचे उंबरे कशाला झिजवा?

बहीण : उंदरांच्या पेशी, दादा! आमच्या प्रयोगात चाळीस उंदीर होते सगळे मिळून!

भाऊ : उंदीर एकदाच म्हणालीस. नंतर सगळं ‘आपलं रक्त, आपलं रक्त’.

बहीण : हो. सगळे कान देऊन ऐकत होते. माझ्या कामाला त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी ‘बाटल्या विसळणं’ म्हटलं नाही. मग मला चेवच आला.

भाऊ : तसं म्हणणारा मीच होतो.

बहीण : आणि तूच दुकानातून ती शेवाळाची पावडर आणलीस.

भाऊ : सकाळी दोन चमचे. वर लोण्याची बिस्किटं, अगदी बिनघोर. तुझी वहिनी ओरडायची. तिला म्हणायचो, माझ्या बहिणीपेक्षा तुला जास्त कळतं का?

बहीण : दुकानातली पावडर म्हणजे आमचा अर्क नव्हे रे. आणि गोळ्यांऐवजी तर आमचाही चालला नसता.

भाऊ : आता रडू नकोस. चूक माझी. तुला काय कल्पना?

बहीण : होती.

भाऊ : काय?

बहीण : मागच्या वेळी आले तेव्हा स्वयंपाकघरात तो डबा पाहिला मी. गोळ्या चालू आहेत ना, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. पण आतून इतकं बरं वाटलं... दादा माझं ऐकतो म्हणून. गप्प बसले.

भाऊ : ठाऊक आहे मला.

बहीण : कसं?

भाऊ : दारातच उभा होतो मी. तू डबा उचललास, वाचलास, परत ठेवलास. म्हटलं, ही काही बोलली नाही, म्हणजे आपलं बरोबर चाललंय.