खालची खुंटी

भाचा : अगं मावशी, पण प्रेक्षक विचारणारच ना! आकाशातून आलेले ते पाहुणे प्रत्येक घरातलं एक मूल घेऊन जातात आणि जाताना त्या मुलाची आठवणही नेतात. फोटो, कपडे, शाळेतलं नाव, सगळं साफ. इथवर ठीक. मग तुझ्या कादंबरीतली आई रोज एक ताट जास्त का मांडते?

मावशी : सवय म्हणून.

भाचा : कसली सवय? आपल्याला मूल होतं हेच तिला ठाऊक नाही! वाहिनीवाल्यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलंय. म्हणतात, कथानकाला भगदाड आहे.

मावशी : इतक्या आवृत्त्या निघाल्या, एकाही वाचकाला ते दिसलं नाही.

भाचा : वाचक समजून घेतो गं. प्रेक्षकाच्या हातात रिमोट असतो.

मावशी : बरं, मग तुम्ही शहाणे ते बुजवणार कशानं?

भाचा : मी पटकथेत एक फोटो घातलाय. पाहुण्यांच्या नजरेतून सुटलेला. सहाव्या भागात तो कपाटामागे सापडतो, आईला सगळं आठवतं, आणि शेवटच्या भागात मूल घरी येतं.

मावशी : वा रे वा! विसरणं म्हणजे काय किल्ली आहे, कपाटामागे सापडायला? अरे, मूल हरवल्याचं दुःख सगळेच लिहितात. माझ्या बाईला रडू येतं आणि कुणासाठी ते तिला कळत नाही. तेवढीच माझी गोष्ट आहे. मूल परत आलं की तुझी मालिका होईल, पण माझी गोष्ट मरेल. असल्या पटकथेच्या परवानगीवर मी सही करणार नाही.

भाचा : उद्यापासून सेट लागतोय, मावशी. तुझी सही नसेल तर सगळं बंद. माझं पहिलंच मोठं काम आहे गं.

मावशी : उगाच रडवेला चेहरा करू नकोस. लहानपणापासून ओळखते तुला. आणि नीट ऐक. पाहुण्यांनी डोक्यातलं सगळं नेलं. हातातलं राहून गेलं. त्यांना हात नव्हतेच, त्यांना काय कळणार?

भाचा : हे पुस्तकात कुठे आहे?

मावशी : नाहीये? मला वाटलं, हे सगळ्यांना माहीतच असतं.

काका : चहा. ते कागद उचला जरा टेबलावरचे.

भाचा : तुम्ही कशाला त्रास घेतलात, काका? आणि चार कप? अजून कुणी यायचंय का?

काका : चारच लागतात. तू आलास की चार. एरवी तीन.

भाचा : एरवी तुम्ही दोघंच असता की.

काका : हो. दोघंच.

भाचा : आणि यात तर चहा नाही. दूध आहे.

मावशी : असू दे. निवलं की मांजराला घालते.

भाचा : मांजर कधी पाळलंत?

मावशी : येतं कुठलं तरी. तू विषय बदलू नकोस.

भाचा : बदलत नाही. उलट सेटचंच विचारायचंय. आमच्या कलादिग्दर्शकानं या घराचे फोटो काढले होते ना, सेट अगदी असाच उभा करायचा म्हणून? दाराजवळ दोन खुंट्या वर आहेत आणि एक खाली, पार माझ्या कमरेशी. ती ठेवायची की काढायची, विचारतोय तो.

मावशी : ती पहिल्यापासून आहे. आधीच्या लोकांची असेल.

काका : आधीच्यांची कशी असेल? मी ठोकली. लाकूडही मीच तासलं. टोक गोल केलं, डोळ्याला लागू नये म्हणून.

भाचा : कुणाच्या डोळ्याला?

(तिघंही खुंटीकडे बघत राहतात. वापरून वापरून ती गुळगुळीत झालेली आहे.)

मावशी : अहो, भरदुपारी काहीतरी काय बोलता! चहा घ्या.

भाचा : मावशी, ही गोष्ट तुला सुचली कशी?

मावशी : सुचली कुठे? एका सकाळी रडतच जागी झाले. कारण काही सापडेना. मग ते शोधायला लिहीत बसले. त्या वर्षी तू सुट्टीला आला होतास बघ. दिवसभर नुसता धुडगूस तुझा, मला एक ओळ लिहू देत नव्हतास. काय खेळायचास रे एवढं?

भाचा : लपाछपी.

मावशी : कुणाशी?

भाचा : एकटाच.

मावशी : लपाछपी? एकटाच?

भाचा : हो... म्हणजे, राज्य माझ्यावर असायचं. भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणायचो आणि मग शोधत फिरायचो. माळ्यावर, जिन्याखाली, कपाटामागे. तू जेवायला हाका मारायचीस, तरी मी यायचो नाही.

मावशी : का?

भाचा : अजून सापडला नव्हता ना.

काका : दूध निवतंय.

भाचा : मावशी, मी फोटोचा प्रसंग काढून टाकतो. भगदाड वगैरे काही नाहीये. तुझाच शेवट बरोबर आहे. वाहिनीवाल्यांशी मी भांडतो.

मावशी : तो कागद दे इकडे. पेन दे.

भाचा : अगं, पण त्यात मूल परत येतं.

मावशी : येऊ दे. परत आण त्याला.

भाचा : आणि तुझी गोष्ट?

मावशी : मरू दे मेली! कुठेतरी दार उघडून आत तर येऊ दे त्याला. टीव्हीत तर टीव्हीत. मी रोज बघत बसेन. घे, केली सही.

भाचा : मग त्याला नाव लागेल, मावशी. पुस्तकात तू दिलेलं नाहीस. तो दारात येतो आणि आई त्याला हाक मारते, असं दृश्य आहे. काय नाव ठेवू?

मावशी : थांब हं, सांगते. अगदी ओठांवर आहे.

काका : अगं, दूध निवलं. हाक मार ना त्याला.

मावशी : मारतेय हो. नाव आठवू दे.