मुद्दाम फाडलेलं

दत्ताराम : आता ढवळायचं नाय. लिंबू पिळलं की हात मागं घ्यायचा, बस्.

ठमाबाई : अरे मेल्या, चांगलं शेरभर दूध! पोरीचा पेला मी आधीच काढून ठेवला म्हणून, नायतर तोही घातला असतास.

दत्ताराम : आये, ममईला शेठाणीच्या बंगल्यात रोज फाडतो मी. पनीर म्हणतात ह्याला. बावाजी लोक सकाळी पावाबरोबर खातात. "दत्ताराम, तुजा हात एकदम हलका," म्हणते शेठाणी.

रखमा : फाडलं म्हणून शाबासकी?

दत्ताराम : मग! बघ, बघ, फाटलं. गुठळ्या वेगळ्या, हिरवट पाणी वेगळं. ते फडकं धर गो भांड्याच्या तोंडावर.

रखमा : मी नाय धरत.

दत्ताराम : का?

रखमा : दुधाच्या भांड्याला शिवायचं नाय मी. तीन वर्सं झाली. सांगा ना आत्याबाय, लेकाला.

ठमाबाई : सणाच्या दिवशी जुनं कशाला उकरतेस?

रखमा : सांगा.

ठमाबाई : म्हैस व्याली होती. बारा दिस झाले, पयलं दूध सोमजाईला न्यायचं. हिनं चुलीवर ठेवलं नि फाटलं. देवीचं दूध! आठवड्यात पारडू मेलं. भगत म्हणाला, हिच्या हाताला दूध देऊ नका. मी काय मनचं सांगते?

दत्ताराम : फडक्यातलं पाणी असं निथळू द्यायचं. घाई नाय करायची…

रखमा : मग बनू झाली. दोन म्हैने अंगावर पाजली, तर तेही तोडलं. पोरीच्या पोटात फाटंल म्हणे. गोठ्यात जाऊन भिंतीवर पिळायची मी. माशा बसायच्या.

दत्ताराम : मला कोणी बोललं नाय.

रखमा : दर शिमग्याला येता तुमी. पेला कोणाच्या हातात असतो, दिसत नाय?

दत्ताराम : दिसायचं. वाटायचं, आयेला नातीची हौस.

ठमाबाई : हाय मला हौस. रात रात जागून वाढवली मी तिला.

दत्ताराम : दूध हाताला नाय फाटत गो. आंबटाला फाटतं. भांड्याला जराशी चिंच राहिली तरी पुरते. शेठाणी तर पितळेची तपेली आधी हुंगून बघते.

रखमा : चिंच?

दत्ताराम : पितळ घासतात ना, ती.

रखमा : आत्याबाय, त्या दिवशी तपेली कोणी घासली?

दत्ताराम : आये?

ठमाबाई : देवीचं दूध होतं. भांडं लखलखीत नको?

रखमा : आतून पण?

ठमाबाई : आतून पण.

दत्ताराम : आता… आता वर पाटा ठेवायचा. अर्धा तास. मग वड्या पडतात.

रखमा : ठेवा की. तुमाला कोण अडवतंय?

ठमाबाई : मला काय ठावं होतं? सगळी चिंचेनंच घासतात. आणि पारडू मेलं ते मेलंच ना?

रखमा : धुतली होती का मग पाण्यानं?

ठमाबाई : कोर्टात उभी केलीस का मला? हा घे पेला. पाज तुझ्या पोरीला. झालं समाधान?

रखमा : द्या. बने, ये गो. आयेकडं ये. दूध घे.

(बनू आजीच्या लुगड्यामागं जाते.)

रखमा : ये. नाय फाटत. बघ, कसं पांढरंशुभ्र हाय.

दत्ताराम : जा गो बनू. आये बोलावतेय.

ठमाबाई : मी नाय हां धरलेली. हे बघ, माझे हात मोकळे हायत.

दत्ताराम : सवय होईल हळूहळू. मी परवा निघायच्या आत…

रखमा : घ्या आत्याबाय, तुमीच पाजा. निवतंय.